उतारावर लावलेला ट्रॅक्टर

आमच्या घरात सगळ्यात भित्रं कोण, असं कुणी विचारलं तर कोंबड्यासुद्धा माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे बघतील. पालीला भितात, अंधाराला भितात, आणि फोन वाजला की उचलण्याआधी त्यांचा हात छातीवर जातो. दिवा बदलायचा तर पायात रबरी चपला, हाताला कोरडं फडकं आणि खाली मला काठी देऊन उभं करायचं. "मी चिकटले तर काठीने मार, हात लावू नकोस." मी म्हणायचे, ताई, तुम्ही फक्त हो म्हणा, चिकटायची वाट कशाला बघायची? जावाजावांमध्ये एवढं चालतंच.

पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. अशा बाईच्या वाट्याला नेमका ट्रॅक्टर आला.

झालं असं, की त्यांचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, भरलेल्या ट्रॉलीवरून खाली पडले आणि त्यांचा उजवा खुबा मोडला. मी त्यांना दादा म्हणते. हाड सांधलं, पण पायात जोर येईना. काखेत कुबडी घेऊन ते खाटेपासून दारापर्यंत जायचे आणि तेवढ्याने घामाघूम होऊन परत यायचे. माझा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो, तो घरी आला तर पाहुणा. मला सायकलसुद्धा येत नाही. आणि शेतात टोमॅटो पिकलेला. टोमॅटो थांबत नाही. आज तोडला नाही तर उद्या झाडावरच फुटतो. तेव्हा ट्रॅक्टर चालवायला ताईच उरल्या. दादांनी त्यांना खाटेवरून शिकवलं. शिकवलं म्हणजे ओरडले.

तो ट्रॅक्टर आम्हा दोघींच्याही आधी या घरात आलेला. दादांचा त्याच्यावर भारी जीव. पडण्याच्या थोडंच आधी त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने रंग दिला होता. वरवर नाही, एकेक सुटा भाग काढायचा, घासायचा, सावलीत मांडायचा आणि दारं-खिडक्यांसाठी आणलेल्या निळ्या तैलरंगाचे दोन-दोन हात द्यायचे. त्यामुळे आमची दारं, खिडक्या आणि ट्रॅक्टर एकाच रंगाचे आहेत. मी म्हटलं होतं, दादा, एखाद्या दिवशी मी चुकून ट्रॅक्टरलाच कडी लावीन. ते हसले नाहीत. ट्रॅक्टरवरची थट्टा त्यांना चालत नाही.

त्याच सुमारास बॅटरी भरेनाशी झाली. चालकाच्या समोर एक छोटी तबकडी असते. तिचा काटा उजवीकडे झुकला की बॅटरीत वीज भरते आहे, डावीकडे झुकला की नुसती खर्च होते आहे. आमचा काटा मधे उभा राहायचा आणि दिवे लावले की डावीकडे जाऊन बसायचा. दादांनी बॅटरीला शिव्या घातल्या. बॅटरी बदलली. नवी बॅटरीही काही दिवसांत थंड पडली. मग आम्ही दोघी ती हातगाडीवर घालून पिठाच्या गिरणीत न्यायला लागलो, कारण गिरणीवाल्याकडे चार्जर आहे. ताई त्या बॅटरीला असं धरायच्या की झोपलेलं कुत्रं उचलतायत. दोन दिवस ट्रॅक्टर सुरू व्हायचा, की पुन्हा हातगाडी.

तेव्हा दादांनी उताराची शक्कल काढली. शक्कल नवी नाही, जुने ट्रॅक्टरवाले सगळेच करतात. रोज संध्याकाळी ट्रॅक्टर चढावर नेऊन तोंड खाली करून लावायचा आणि मागच्या चाकापुढे दगड द्यायचा. सकाळी ताईंनी वर बसून दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा. मी पहारीने दगड बाजूला सारायचा. ट्रॅक्टर गडगडत निघाला की मधेच क्लच सोडायचा, म्हणजे चाकांच्या ओढीने इंजिन फिरतं आणि सुरू होतं. बॅटरीची गरज नाही, गिरणीची गरज नाही. फुकटात काम.

फक्त आमचा उतार जिथे संपतो तिथे वाट डावीकडे वळते, आणि न वळता सरळ गेलं तर विहीर आहे. जुनी, रुंद, दगडांनी बांधलेली, कठडा नसलेली. पुढे काटेरी कुंपणाचं एक वाळकं झुडूप, तेवढंच. ट्रॅक्टरचे ब्रेक म्हणजे नुसती विनंती होती, मानली तर मानली. इंजिन वळणाच्या आत सुरू झालं तर ताबा राहायचा. नाही झालं तर काय, हे आमच्यापैकी कुणी तोंडाने बोललं नव्हतं.

ताई रोज सकाळी जीव मुठीत धरून त्या सीटवर चढायच्या. चढताना ओठ पांढरे. चहा सांडायचा, म्हणून त्यांनी सकाळचा चहाच सोडला. मी दगडाशी पहार घेऊन उभी राहिले की त्या वरून विचारायच्या, "धाकटे, खाली कुणी आहे का गं?" खाली कोण असणार? पण मी बघून आल्यासारखं करून नाही म्हणायचे. मग त्या मान हलवायच्या आणि मी दगड काढायचे. दगड सुटला की इंजिनाचा पहिला धडधडाट ऐकू येईपर्यंत मी पहार तशीच उचलून धरायचे. खाटेवरून दादांचा आवाज यायचा, "क्लच सोड, सोड आता!" एवढीच त्यांची मदत.

भीतीची सवय होते म्हणतात. ज्यांनी कुणी हे म्हटलंय त्यांना मी आमच्या उतारावर बसवीन. ताईंना सवय झाली नाही, मलाही नाही. उलट रोज वाटायचं, काल वाचलो, म्हणून आजची पाळी.

आणि ती पाळी आली. त्या सकाळी दव पडलं होतं आणि वाट निसरडी होती. दगड काढला, ट्रॅक्टर निघाला, ताईंनी क्लच सोडला. इंजिनाने एक उचकी दिली आणि चाकं न फिरता नुसती घसरली. त्यांनी पुन्हा क्लच दाबला, पुन्हा सोडला. पुन्हा उचकी. तोवर ट्रॅक्टर वळणाशी पोचला होता आणि वेग असा, की मला त्यांची पाठ लहान लहान होताना दिसत होती. मी पहार टाकून धावले. कशासाठी धावले कोण जाणे. मी काय धरणार होते? ताईंनी स्टिअरिंगवर अख्खं अंग टाकून ते डावीकडे ओढलं. वळणाच्या आतल्या बाजूला पाटातून उपसलेल्या मातीचा ढीग होता, त्यात पुढची चाकं रुतली आणि ट्रॅक्टर आडवा होऊन थांबला. मागचं उजवं चाक झुडपात होतं. झुडपापलीकडे खाली पाणी.

मी पोचले तेव्हा ताई स्टिअरिंगला धरूनच होत्या. बोटं सुटेनात. मी एकेक बोट उघडून त्यांना खाली उतरवलं. त्या एकच वाक्य बोलल्या, "मला ते पाणी दिसलं गं." माझी स्वतःची पाचावर धारण बसलेली, पण कुणीतरी रागवायला हवं होतं म्हणून मी ट्रॅक्टरच्या टायरला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

शेजाऱ्याने आपला ट्रॅक्टर आणून आमचा ओढून काढला आणि पुन्हा चढावर नेऊन लावला. त्याचं स्वतःचं पीक काढणीला आलेलं, तो तरी रोज कुठून येणार? दादा दारात कुबडीवर उभे राहून सगळं बघत होते. चेहरा दगडाचा. शेजारी गेल्यावर म्हणाले, "उद्यापासून ही बसणार नाही. उद्या मी बसतो."

"अहो, पण ब्रेकचा पाय..." ताई म्हणाल्या.

"डाव्या पायाने दाबीन."

"आणि क्लच कुठल्या पायाने दाबाल?"

"ते माझं मी बघीन. मी ठरवलंय."

सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, अशी ही माणसं. मी म्हटलं, दादा, त्यापेक्षा सरळ विहिरीत उतरायची शिडी लावू का? ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांनी ठरवलं म्हणजे ठरवलं, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. त्यांना सकाळी खाटेला बांधून ठेवायचं का, असं मी विचारलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

फोन बाजारातल्या बॅटरीवाल्याला. गाड्यांच्या विजेची सगळी कामं तोच करतो. तो म्हणाला, "वहिनी, आज हातात चार गाड्या उघड्या आहेत. परवा येतो."

"परवा म्हणजे उद्या होऊन गेलेला असेल हो," ताई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, विहिरीसकट. पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी सांगतो तसं कराल? सोपं आहे. मात्र घाबरायचं नाही."

"घाबरणारच," ताई म्हणाल्या. "ते सोडून काय करायचं ते सांगा."

ट्रॅक्टर सपाटीवर आणून हे करावं, असं आम्हाला वाटत होतं. पण दादा आतून ओरडले, सपाटीवर बंद पडला तर तुम्ही दोघी ढकलणार का? शब्दाला शब्द वाढवायला वेळ नव्हता. गिरणीवाल्याकडून भरलेली बॅटरी उसनी आणली, ती बसवली, आणि तिथेच चढावर, मागच्या चाकापुढच्या एका दगडाच्या भरवशावर कामाला लागलो. हँडब्रेकचे दात केव्हाच झिजलेले. फोन मी धरलेला, नजर माझी दगडावर.

बॅटरीवाल्याने आधी पट्टा तपासायला सांगितला. डायनामो, म्हणजे इंजिनाच्या कुशीतलं वीज तयार करणारं नळकांडं, त्याला फिरवणारा पट्टा. अंगठ्याने दाबला, ताठ होता. मग बॅटरीच्या तारांची टोकं. त्यांवर पांढरट बुरा साचला होता, तो ताईंनी गरम पाण्याने धुऊन कानशीने घासला. काटा हलला नाही. मग तो म्हणाला, आता डायनामोच वीज करतोय का ते बघू. त्याच्या दोन्ही तारा काढा, त्यांचे दोन्ही स्क्रू उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, आणि मागच्या दिव्याच्या बल्बची एक तार तिथे आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला धरा. इंजिन अगदी हळू चालू द्या. आणि बॅटरीची तार चालू इंजिनावर चुकूनही काढू नका.

ताईंनी पायात रबरी चपला घातल्या, वेणी डोक्यावर बांधली, बाह्या दुमडल्या. पंखा हाताच्या वीतभर अंतरावर फिरणार होता. उसन्या बॅटरीने इंजिन सुरू झालं आणि अख्खा ट्रॅक्टर थरथरायला लागला. दगडही त्याच्याबरोबर थरथरत होता. त्यांनी डोळे मिटून बल्बच्या तारा टेकवल्या.

"ताई, डोळे उघडा," मी म्हटलं. "लागलाय."

बल्ब लख्ख पेटला होता. म्हणजे डायनामो ठणठणीत, वीज तयार होते आहे. फक्त बॅटरीपर्यंत पोचत नाही. बॅटरीवाला म्हणाला, आता राहिला मधला डबा. सीटच्या पुढे पत्र्यावर एक चपटा डबा असतो, डायनामोची वीज बॅटरीकडे सोडायची की नाही हे तो ठरवतो. इंजिन बंद करून तारा होत्या तशा लावा. मग इंजिन सुरू करा आणि एका सुट्या तारेचं एक टोक त्या डब्याच्या अंगाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा. काय होतं ते मला सांगा, माझं गिऱ्हाईक ओरडतंय. फोन बंद झाला.

ताईंनी तारा लावल्या, इंजिन सुरू केलं आणि खाली उतरून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेत उभ्या राहिल्या. डब्याला तारेचं टोक नीट लागेना, सगळीकडे गुळगुळीत निळा रंग. त्यांनी पेचकसाने डब्याचा कोपरा खरवडला आणि तार टेकवली. डब्यातून टक्कन आवाज आला. तबकडीतला काटा, इतके दिवस मेल्यासारखा पडलेला, उठून उजवीकडे झुकला.

त्यांनी तार काढली, काटा पडला. लावली, उठला. ताईंच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. "अहो," त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "काटा हलला. भरतेय बॅटरी." आणि अजून किती जातो ते बघायला दुसऱ्या हाताने इंजिनाचा वेग वाढवला.

चूक झाली ती एवढीच. माझी नजर काट्याकडे गेली होती. दगडाची कड चिरडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, मग निळं चाक बोटभर पुढे सरकलेलं दिसलं. मला ओरडायचं होतं, पण बोबडी वळली. दगड तिरका झाला आणि बाहेर निसटला.

दादा कधी तिथवर आले मला माहीत नाही. काट्याचं ऐकून ते घरातून निघाले असणार. मला दिसलं ते एवढंच, की त्यांनी काखेतली कुबडी ओढून काढली, चाकाखाली सारली आणि आधार गेल्यामुळे स्वतः चाकाच्या पुढ्यात आडवे पडले. चाक कुबडीवर चढलं. लाकूड कडकडलं.

ताई पळाल्या असत्या तर त्यांना कुणी दोष दिला नसता. पालीला बघून पळणारी बाई ती. त्या वर चढल्या आणि दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभ्याच राहिल्या. वेग नव्हता म्हणून त्या ब्रेकने या वेळी विनंती मानली. चाक थांबलं ते दादांच्या मांडीपासून चार बोटांच्या अंतरावर. इंजिन चालूच होतं आणि ताईंचे पाय लटलट कापत होते. पाय कापला की चाक किंचित हलायचं.

"आता काय करू?" त्या म्हणाल्या. "मला काही आठवत नाही हो. मला काहीच आठवत नाही."

दादा ओरडले नाहीत. मी या घरात आल्यापासून त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. चाकापुढून म्हणाले, "पाय काढू नकोस. उजव्या हाताला दांडी आहे, ती ओढ. इंजिन बंद होईल." ताईंनी ओढली. "आता एकच पाय ब्रेकवर ठेव, दुसऱ्याने क्लच दाब. पहिला गिअर टाक. हं. आता क्लच सोड, हळू." ट्रॅक्टर एकदा मागेपुढे झाला आणि गप्प बसला. मी दादांना काखेत धरून बाहेर ओढलं, मग जो हाताला लागला तो दगड चाकापुढे लोटला, मग दुसरा, मग तिसरा. ताईंना ब्रेक सोडायला सांगावं लागलं. बराच वेळ सांगावं लागलं.

मग आम्ही तिघं तिथेच मातीत बसलो.

जरा वेळाने दादांनी तो डबा मागितला. मी स्क्रू काढून तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला. डब्याची पाठ निळी, तो जिथे बसतो तो पत्राही निळा, स्क्रूची भोकंसुद्धा आतून निळी. डब्याचं लोखंड ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकलं तरच तो चालतो, आणि दादांनी दोघांच्या मधे रंगाची गादी घातली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"हा मी दिलाय," ते म्हणाले. "दोन हात दिलेत. म्हणजे रोज तुला तिकडे मीच ढकलत होतो."

ताईंनी डब्याच्या पाठीवरचा रंग नखाने खरवडून बघितला.

"तू निघालीस की मी क्लच सोड म्हणून ओरडायचो ना, ते तुला सांगायला नाही," दादा म्हणाले. "ओरडलो नाही तर तो दगड सुटल्यानंतरचा आवाज ऐकावा लागायचा. इंजिन सुरू होईतो मी उशी तोंडावर दाबून धरायचो. आज सकाळी ते सुरू झालंच नाही. उद्या मी बसतो म्हटलं, ती काही हिंमत नव्हती. परत तसं पडून ऐकायचं, त्यापेक्षा विहीर परवडली असती मला."

"मग तेवढं तोंडाने बोलायला काय झालं होतं?" ताईंचा आवाज चढला. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. "मला वाटायचं, या घरात एकटी मीच भिते. मला लाज वाटायची. तुम्ही एकदा जरी म्हणाला असता, तर मी चढलेच नसते."

"म्हणून तर बोललो नाही," दादा म्हणाले. "टोमॅटो लाल झाला होता."

त्यावर ताई रडल्या, आणि खरं सांगते, मला त्या दोघांचाही भयंकर राग आला, आणि मीही रडले.

उजेड होता तोवर मी डबा आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. ट्रॅक्टर अंगणात सपाटीवर आला. सकाळी ताई सीटवर चढल्या तेव्हा ओठ तसेच पांढरे होते. दादा माझ्या खांद्याला धरून अंगणात उभे राहिले, थेट चाकाशेजारी. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती.

"ऐक," ते ताईंना म्हणाले. "मला भीती वाटतेय."

"मलाही," ताई म्हणाल्या. "बाजूला व्हा."

आम्ही बाजूला झालो आणि त्यांनी स्टार्टरचं बटन दाबलं.